आलोच

१

सांता ओलायाच्या विश्रामगृहात हिवाळ्यात कुणी येत नाही. उन्हाळ्यात अख्ख्या उरुग्वेतल्या पोलिसांची कुटुंबं तिथे उतरतात. पोरंटोरं, छत्र्या, रेडिओ, कठड्यावर वाळत घातलेले ओले टॉवेल, नुसता कल्ला असतो. जून लागला, तिकडची थंडी सुरू झाली, की मात्र समुद्रावरचा वारा आणि सुल्माबाई, एवढीच काय ती वस्ती.

विल्मार ओलिव्हेरा बसमधून उतरला, तेव्हा सुल्माबाई दारातच उभ्या होत्या. साठी उलटलेली बाई, अंगात मेलेल्या नवऱ्याचा पोलिसी स्वेटर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

“माँटेव्हिडिओचे हवालदार ते तुम्हीच ना? एवढीच बॅग? बरं झालं. जास्त सामान आणणारी माणसं तक्रारीही जास्त करतात.”

“मी नाही करणार.”

“सगळे असंच म्हणतात. मग मसुरात मीठ कमी पडतं.”

विल्मार पन्नाशीचा होता. सगळी हयात माँटेव्हिडिओच्या बाहेरच्या वस्त्यांतून गस्त घालण्यात गेलेली. बायको केव्हाच सोडून गेलेली, त्यामुळे घरी कुणी वाट पाहणारं नव्हतं. ‘त्या’ प्रकारानंतर खात्याने त्याला रजा दिली, आणि खात्याच्याच डॉक्टरीणबाईंनी इथे धाडलं. वेळेवर झोपा, वेळेवर जेवा, रोज चाला, मी गुरुवारी फोन करीन, एवढंच त्यांचं सांगणं होतं. सरकारी पिस्तूल आधीच जमा करून घेतलं होतं. नियमच तसा आहे.

बॅगेच्या तळाशी मात्र तपकिरी स्वेटरमध्ये गुंडाळलेलं वडिलांचं जुनं रिव्हॉल्व्हर होतं. ते कशासाठी आणलं, असं त्याने स्वतःला विचारलं होतं आणि उत्तरही देऊन टाकलं होतं. रिकाम्या घरात अशी वस्तू ठेवून कसं निघायचं? चोराचिलटांचे दिवस आहेत.

२

दिवस लावून दिल्यासारखे जाऊ लागले. सकाळी थर्मास काखेत मारायचा आणि येर्बाचा कडू काढा ओढत ओल्या वाळूवरून पार खडकांपर्यंत जाऊन यायचं. दुपारी सुल्माबाईंच्या स्वयंपाकघरात जेवण. मग वामकुक्षी.

त्याची खोली लांब बोळाच्या मध्यावर होती. एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला सामायिक संडास आणि मोरी. बोळात एका हारीने बंद दारं. फरशी अशी गार, की मोज्यांतूनही तळव्यांना झोंबायची.

एका दुपारी झोपून उठल्यावर तो अनवाणीच बाहेर पडला आणि थबकला. त्याच्या उंबऱ्याबाहेरची फरशी गरम होती.

त्याने पाऊल उचललं, बाजूला टेकवलं. गार. परत पहिल्या जागी ठेवलं. उबदार. एखादं माणूस बराच वेळ मांडी घालून बसावं आणि नुकतंच उठून जावं, तेवढीच जागा, तशीच ऊब.

“कुत्रं आत येतं का हो तुमचं?” संध्याकाळी त्याने विचारलं.

“माझ्याकडे कुत्रं नाही. मांजर होती, तीसुद्धा थंडीला कंटाळून शेजारणीकडे राहायला गेली. का?”

“काही नाही. फरशी गरम लागली.”

“गरम?” सुल्माबाई हसल्या. “हवालदार, या घरात गरम काही सापडलं तर मला हाक मारा. मी तिथेच अंथरूण टाकते.”

खालून गरम पाण्याचा नळ जात असेल, असं त्याने ठरवलं. त्या घरात गरम पाणी फक्त चुलीवर होतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी तसं ठरवलं.

३

‘तो’ प्रकार थोडक्यात असा. एबेर सोसा नावाचा एक माणूस, चाळिशीचा, कत्तलखान्यात कामाला. एका सकाळी तो आपल्या खोलीत कडी लावून बसला. आत त्याच्याजवळ बंदूक होती. बहिणीने पोलिसांना बोलावलं. पहिला पोचला विल्मार. वाटाघाटी करणारा खास माणूस शहरातून निघाला होता, पण तो येईपर्यंत बोलायला कुणी तरी हवं होतं.

विल्मार दाराला पाठ टेकून जमिनीवर बसला आणि बोलत राहिला. जेवलास का, कुत्र्याचं नाव काय, फुटबॉलमध्ये कुठल्या क्लबचा तू, अरेरे, मग तर तुझं दुःख मला समजतं. आतून एखादा शब्द यायचा, कधी नुसता श्वास. “मी इथेच आहे,” विल्मार पुनःपुन्हा सांगत होता. “तू आत आहेस तोवर मी इथून हलत नाही.”

तास उलटत गेले. वाटेत कुठेसा रस्ता बंद होता, तो खास माणूस काही येईना. विल्मारचे पाय बधिर झाले. आणि त्याला लघवीला लागली होती. पहिल्या तासापासूनच लागली होती. शेवटी तो म्हणाला, “थांब हं मित्रा, आलोच मी,” आणि लंगडत मोरीकडे गेला. परत निघताना त्याने सवयीने हात धुतले. साबण लावून, नीट. साबण हातात असतानाच आवाज झाला.

अहवालात त्याने लिहिलं होतं, ‘वरिष्ठांशी सल्लामसलत करण्यासाठी जागा सोडली.’ साबणाबद्दल त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनाही नाही.

४

पुढे एका दुपारी त्याला आवाजही आला. आधी दारावर काही तरी घासलं. वरून खाली, सावकाश. कापडातून लाकडाला टेकलेली माणसाची पाठ खाली सरकत यावी, तसं. मग जमिनीवर बूड टेकल्याचा धप्प आवाज, आणि एक सुस्कारा.

विल्मार पलंगावर ताठ झाला.

“जेवलास का काही?” बाहेरून कुणी तरी विचारलं.

पुरुषाचा आवाज. किंचित घोगरा, दमदार नाही, घाईचाही नाही. विल्मारने झटकन उठून दार उघडलं. बोळ रिकामा. दोन्ही टोकांना राखाडी उजेड. स्वयंपाकघरात सुल्माबाईंच्या घोरण्याची लय चालू होती. त्याने वाकून फरशीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

दार लावून तो पलंगावर बसतो न बसतो, तोच पुन्हा ते घासणं.

“नाव काय रे तुझ्या कुत्र्याचं?”

माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला तर परका वाटतो. त्यामुळे विल्मारला आवाज ओळखता आला नाही. त्याने ओळखले ते शब्द.

५

त्या बोलण्याला एक क्रम होता. रोज दुपारी ते आदल्या दिवशी जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू व्हायचं. कुत्र्यानंतर फुटबॉल, फुटबॉलनंतर एबेरच्या सैन्यातल्या भावाची चौकशी. जिथे एबेर उत्तर द्यायचा किंवा द्यायचा नाही, तिथे बाहेरचा माणूसही तेवढाच वेळ थांबायचा. विल्मारला पुढचं प्रत्येक वाक्य माहीत होतं. शेवटचं वाक्य कुठलं, तेही माहीत होतं.

हे डोक्याचे खेळ आहेत, तो स्वतःला बजावायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, मन तीच ती फीत पुन्हापुन्हा लावतं. पण फीत लावणारं मन फरशी कशी तापवतं, हा हिशेब त्याला जमत नव्हता.

मग तो निघून का गेला नाही? बस होती. सामानही फारसं नव्हतं. त्याने कारणं शोधली. लवकर परतलो तर खात्यात बोभाटा होईल, आणि हे माझ्या मागोमाग फ्लॅटवर आलं तर? खरं कारण वेगळंच होतं, आणि त्याची त्याला लाज वाटायची. ‘जेवलास का’ असं त्याला कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. सुल्माबाई जेवायला वाढायच्या. पण दाराशी बसून, वाट पाहत, कुणी विचारलं नव्हतं. तो आता जेवण अर्धं टाकून खोलीत जाऊ लागला.

“मीठ कमी आहे का?” सुल्माबाईंनी विचारलं.

“छे. झोप येतेय.”

“झोप? आरशात बघा जरा. तुमच्या डोळ्यांखाली वांगी लोंबतायत.” त्या त्याच्यासमोर येऊन बसल्या. “माझा नवराही असाच करायचा. विचारलं तर झोप येतेय. तीस वर्षं झोपच येत होती त्याला.”

विल्मार हसला आणि उठला.

गुरुवारी फोन आला. कसं वाटतंय, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. तो म्हणाला, हवा छान आहे.

त्या दुपारी बाहेरच्या माणसाने विचारलं, “थकलास का?” आणि नेहमीची शांतता पसरली. त्या शांततेत विल्मारने तोंड उघडलं. त्याला वाटलं आपण काही तरी आपलं बोलू, तू कोण आहेस, असं विचारू. पण तोंडातून शब्द निघाले, “खूप थकलोय रे.”

बाहेरून हलकेच सुस्कारा आला. तेव्हा विल्मारच्या ध्यानात आलं. एबेर याच जागी हेच म्हणाला होता. अगदी हेच तीन शब्द.

आणि स्वेटरचं गाठोडं. पहिल्या दिवशी ते बॅगेच्या तळाशी होतं. मग ते कपाटाच्या फळीवर दिसलं. मी काढलं असेन, त्याला वाटलं, स्वेटर हवा होता म्हणून. मग ते खुर्चीवर होतं. त्याने ते परत बॅगेत कोंबलं, चेन ओढली. दुसऱ्या दिवशी फिरून आल्यावर ते उशीपाशी होतं, आणि एक बाही उलगडून पलंगावरून खाली लोंबत होती.

६

ज्या दुपारी बाहेरचा माणूस गोष्ट सांगू लागला, त्या दुपारी विल्मारने दाराला आतून कडी घातली. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

गोष्ट लहानपणची. वडिलांबरोबर विल्मार खाजणात मासेमारीला गेला होता. पहाटेचं धुकं, होडी जुनी, कोर्विना मासे गळाला लागायला लागलेले. एबेरचं लक्ष गुंतवण्यासाठी त्याला ऐन वेळी तेवढीच आठवली होती.

“...आणि धुकं एवढं, की बाबा होडीच्या त्या टोकाला होते तरी मला दिसेनात,” बाहेरचा माणूस सांगत होता. “नुसता आवाज. मग काय झालं, त्यांच्या हातातलं वल्हं निसटलं...”

आवाज थांबला. दारामागे अंग हललं. गुडघे मोडल्याचा कट् आवाज झाला, आणि वेदनेने दातांतून आत ओढलेला श्वास.

“थांब हं मित्रा. आलोच मी. ऐकतोयस ना? आलोच.”

पावलं निघाली. एक पाय ओढत, लंगडत, बोळाच्या त्या टोकाकडे.

खोली शांत झाली. अशी शांतता विल्मारने कधी ऐकली नव्हती. वारा पडला होता, समुद्र गप्प होता, स्वयंपाकघरातलं घोरणंही थांबलं होतं. दाराच्या या बाजूला त्या मिनिटात काय असतं, हे इतके महिने त्याने कल्पनेने हजारदा रंगवलं होतं. त्यातलं काहीच इथे नव्हतं. ना दुःख, ना भीती. फक्त आता कुणीही नाही, एवढंच. गाठोडं सुटून पलंगावर पसरलेलं होतं, आणि त्याचा उजवा हात गार लोखंडावर होता. हात तिथे केव्हा गेला, ते त्याला कळलं नव्हतं.

मग त्याला राग आला. कुठून आला कोण जाणे, पण तळपायापासून मस्तकापर्यंत आला. आलोच म्हणे! हलत नाही म्हणाला होतास ना? कुठे निघालास गाढवा?

तो ताडकन उठला, हात झटकला, कडी काढली आणि बोळात धावला.

७

मोरीचं दार अर्धवट उघडं होतं. धुरकट काचेच्या खिडकीतून उजेड येत होता, आणि त्या उजेडात बेसिनपाशी एक माणूस पाठमोरा उभा होता.

गणवेशाचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. बाह्या वर सारलेल्या. तो हात धुत होता. पंजे, मग पंज्यांची मागची बाजू, मग बोटांच्या बेचक्या. मान खाली, खांदे गळालेले. मुंग्या आलेला पाय तो जमिनीवर टेकवत होता, उचलत होता, पुन्हा टेकवत होता.

घसा फोडून शिव्या द्यायच्या म्हणून विल्मार आला होता. त्या ओठांवरच सुकल्या. केवढा दमला होता तो माणूस! उभ्या उभ्या झोप लागावी इतका. कुणी तरी जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. विल्मारने पाऊल टाकलंही.

माणसाने नळ बंद केला. मान वळू लागली. कान दिसला, गालाची कड दिसली.

त्याच क्षणी विल्मारच्या मागे बोळात एक दार हळूच लागलं. आणि आतून कडी सरकली.

त्याने गर्रकन मागे पाहिलं, पुन्हा पुढे पाहिलं. मोरी रिकामी होती. बेसिनवरच्या साबणाला फेस होता, आणि फेसातले बुडबुडे एकेक करून फुटत होते.

८

दार त्याच्याच खोलीचं होतं. त्याने ढकललं, हललं नाही. खांद्याने तोडता आलं असतं. अशी कितीतरी दारं त्याने तोडली होती. पण दार तोडलं की आत काय होतं, हेही त्याने पाहिलं होतं.

तो दाराला पाठ लावून खाली बसला.

“आहे मी,” तो म्हणाला.

आतून श्वास ऐकू येत होता.

सुल्माबाई उठून मटार सोलायला घेणार होत्या. हातात टोपलं आणि खुर्ची घेऊन त्या बोळातल्या खिडकीच्या उजेडाकडे निघाल्या, तो त्यांना हवालदार जमिनीवर बसलेला दिसला.

“दार लागलं का? थांबा, किल्ली देते.”

“किल्लीने नाही उघडायचं. आतून कडी आहे.” विल्मारने आवाज खाली आणला. “आत माणूस आहे, सुल्माबाई.”

“कोण?”

“माहीत नाही. पण मी उठलो ना, तर...”

सुल्माबाईंनी दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता. पण हिवाळ्यात एकटे येणारे पोलीस त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

“पाय बघा तुमचे, निळे पडलेत. उठा. स्वयंपाकघरात चूल पेटलीय, तिथे जाऊन शेका. मी बसते इथे.”

“तुम्हाला नाही कळायचं...”

“बसायला काय कळावं लागतं?” त्यांनी खुर्ची ठेवली, मांडीवर टोपलं घेतलं. “मला मटार सोलायचेच आहेत. इथे काय नि तिथे काय. उठा म्हणते ना!”

विल्मार त्यांच्याकडे बघत राहिला. एबेरच्या दारापाशी अंगणात एवढी माणसं उभी होती. हाताखालची, वरची. ‘ऊठ, मी बसतो’ असं कुणी म्हणालं नव्हतं. आणि त्यालाही कुणाला हाक मारायची बुद्धी झाली नव्हती.

भिंतीला धरून तो उठला. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला, आणि तिथून मागे पाहिलं.

सुल्माबाई मटार सोलत होत्या आणि तोंडाने पुटपुटत होत्या, “काय ही थंडी, काय हे हवालदार.” शेंग फोडायची, दाणे टोपल्यात, साल पायाशी. मग त्यांचा हात थांबला.

त्यांनी मान किंचित दाराकडे वळवली. चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं, अगदी ओठांपर्यंत. विल्मार पुढे झाला, तसा त्यांनी त्याच्याकडे न बघता तळवा उभा केला. येऊ नका.

मग त्यांनी खुर्ची दाराच्या अगदी जवळ ओढून घेतली.

“हं,” त्या दाराला म्हणाल्या. “सांग. ऐकतेय मी.”

९

अंधारून यायच्या सुमाराला कडी निघाली आणि दार आपलं आपण उघडलं. आत कुणी नव्हतं. पलंगावर, कडेला, कुणी तरी बसून उठल्यासारखा खळगा होता. सुल्माबाईंनी ते गाठोडं मेलेला उंदीर धरावा तसं दोन बोटांनी उचललं आणि आपल्या कपाटात कुलूपबंद केलं. दुसऱ्या दिवशी विल्मार स्वतः ते गावातल्या चौकीवर जमा करून आला.

त्याचं अंथरूण स्वयंपाकघराशेजारच्या कोठीत हललं. तिथे बटाट्यांचा वास यायचा आणि झोप लागायची. बोळातला आवाज त्याला पुन्हा आला नाही. गुरुवारी तो डॉक्टरीणबाईंशी एवढा वेळ बोलला की सुल्माबाईंचे मसूर तळाशी लागले. साबणाचंही सांगितलं. पलीकडून बाईंनी विचारलं, त्या दिवसानंतर हात धुताना काय होतं तुम्हाला? आणि पहिल्यांदाच तो रडला.

सगळं सुटलं असं नाही. अजूनही बंद दारासमोर तो एक क्षण थबकतो. पण वसंत लागता लागता तो कामावर परतला. गस्तीवर नाही, टेबलावर.

सांता ओलायाहून निघायच्या दिवशी बसची वाट पाहताना त्याने धीर करून विचारलंच. “त्या दुपारी आतून काय सांगितलं त्याने?”

सुल्माबाईंनी स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या.

“पुष्कळ.”

“माझ्याबद्दल?”

“तुमचं नाव एकदाही घेतलं नाही, हवालदार.” त्या रस्त्याकडे बघत होत्या. “तुम्ही त्यात कुठेच नव्हता.”

बस आली. विल्मार खिडकीशी बसला. छातीवरचा धोंडा उतरला होता, हे खरं. पण जिथे तो धोंडा होता तिथे आता काय ठेवायचं, ते त्याला समजत नव्हतं. एवढे महिने त्या खोलीत आपण आहोत, असं त्याला वाटत होतं. आणि तिथे एबेर एकटाच होता.

ती खोली सुल्माबाई आता कुणाला देत नाहीत. छप्पर गळतं म्हणून सांगतात. उन्हाळ्यात घर माणसांनी भरून जातं, पोरं बोळातून धावतात; पण दुपारी सगळे आडवे झाले, की सुल्माबाई टोपलं घेऊन त्या दाराशी जाऊन बसतात. कुणी विचारलंच, इथे अंधारात काय सोलताय, तर त्या ओठांवर बोट ठेवतात, आणि पुन्हा कान देऊन ऐकू लागतात.